हजेरी माझी, पगार सरकारचा : 'युवा कार्यप्रशिक्षण' योजनेचा शिरोलीतून रिव्ह्यू

पाचपैकी अडीच तारे. त्यातला अर्धा एका मुलीमुळं वाढलाय, नाहीतर दोनावरच थांबले असते.

लोक मिसळीचा रिव्ह्यू लिहितात, मिक्सरचा लिहितात. मी सरकारी योजनेचा लिहितेय. 'मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना' ही आमच्यासारख्या कारखान्यांना दिलेली सेवाच आहे. पोरगं तुमच्याकडं येणार, काम शिकणार, पैसे सरकार देणार. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय नाहीतर डिप्लोमा असेल तर ८,०००, पदवीधराला १०,०००, थेट त्याच्या खात्यात. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा अधिवास हवा, शिक्षण चालू नको. मुदत आधी सहा महिने होती, २०२५ मध्ये पाच महिने वाढवून अकरा केली.

आमची कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे, ग्रे आयर्नची. म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात भाग ओतायचे. चाळीसेक माणसं. दीर पार्ट्या, म्हणजे गिऱ्हाइकं, आणि ऑर्डरी बघतात, मिस्टर भट्टी बघतात. हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय (कामगार विमा), व्यवसाय कराचं चलन आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या माझ्याकडं. कामगार मला वहिनी म्हणतात, पगार एक दिवस लांबला की मॅडम म्हणतात. म्हणजे योजना कागदावर कशी आहे आणि हजेरी रजिस्टरात कशी उतरते, हे दोन्ही माझ्या टेबलावरून गेलंय.

नोंदणीबद्दल फार लिहित नाही. महास्वयं पोर्टलवर कारखान्याची माहिती भरायची, जीएसटी, पीएफ, ईएसआय, उद्यम नोंदणी जोडायची, जागा किती ते टाकायचं. ज्यांना रिटर्न भरायची सवय आहे त्यांना जड जात नाही. पोरांकडून मात्र आधारचा घोळ हमखास. आमच्या एकाचं आधार भलत्याच बँकेच्या जुन्या खात्याला जोडलेलं निघालं, शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेलं. त्याचे पैसे कुठं गेले हे शोधण्यात त्याच्या आईनं माझं डोकं खाल्लं, मी बँकेतल्या साहेबांचं खाल्लं.

निपाणीकडचा एक चांगला फिटर आला होता. घरात मराठी, शाळा मराठी, शिरोलीपर्यंत रोज गाडीवर येण्याची तयारी. अधिवासाचा दाखला नव्हता, अर्ज भरलाच गेला नाही. सीमाभाग आमचाच, हे भाषणात दर वर्षी ऐकतो. त्याला शेवटी आम्ही आमच्या पगारावर घेतला आणि आजही तो आहे, त्यामुळं तक्रार नाही. नोंद करून ठेवते एवढंच.

आता मुख्य माल. आमच्याकडं चार जण आले. दोघं आयटीआयचे, एक बी. ए. झालेला, एक बी. कॉम. झालेली मुलगी, हातकणंगल्याकडची.

मुलीपासून सुरू करते. तिला डिस्पॅचला बसवलं. पहिल्या आठवड्यात ती कास्टिंगला, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागांना, 'लोखंडाचे तुकडे' म्हणायची. महिनाभरात हीट नंबर (भट्टीच्या एकेका घाण्याचा), पार्टीचा ड्रॉइंग नंबर, ई-वे बिल, सगळं तोंडपाठ. आणि एक गोष्ट तिनं केली जी आमच्यापैकी कुणी इतक्या वर्षांत केली नव्हती : रिजेक्ट होऊन परत आलेला माल तिनं हीटप्रमाणं वहीत लिहायला घेतला. ब्लो होल (हवेच्या पोकळ्या) किती, वाळू अडकून गेलेले किती, कोअर (भाग आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) सरकलेले किती. त्या वहीतून दिसलं की सोमवारचा माल जास्त परत येतो. रविवारी सुट्टी, वाळू वाळते, सकाळी घाईत पाणी मारलं जातं. हे मोल्डिंगचे, म्हणजे वाळूचे साचे करणारे, मामा कायम सांगायचे, पण मामांच्या बोलण्याला आकडा नव्हता. मुलीनं आकडा दिल्यावर मिस्टरांनी सोमवारची साच्याची पहिली पेटी तासभर उशिरा लावायची मुभा दिली. तिला सरकारचे दहा हजार मिळायचे, वर आम्ही येण्याजाण्याचे द्यायचो. मुदत संपायच्या आधीच तिला पगारावर घेतलं. हा अर्धा तारा तिचा.

आयटीआयच्या दोघांपैकी एकाला मोल्डिंगला दिला, मामांच्या हाताखाली. मामा जवळपास तीस वर्षं वाळूत आहेत. मूठभर वाळू उचलतात, दाबतात, मोडतात आणि सांगतात, "हिला अजून पाणी नको." प्रयोगशाळेत ओलावा मोजायचं यंत्र आहे आमच्याकडं, पण मामांची मूठ आणि ते यंत्र यांच्यात फरक पडला तर आम्ही यंत्र तपासतो. ही मूठ यायला किती वेळ लागतो? मामा म्हणतात दोन पावसाळे. पावसाळ्यात वाळू वेगळी वागते, उन्हाळ्यात वेगळी, हे एकदा बघून कळत नाही. पोरगं हुशार होतं. पाचव्या महिन्यात पेटी फिरवताना वाळू पडेनाशी झाली. सहाव्यात साच्यातले सुटे तुकडे स्वतः लावायला लागलं. आणि मग मुदत संपली. वाढीचा निर्णय झाला तो त्यानंतर. तोवर पोरगं पुण्यात डिलिव्हरीला गेलं होतं. गाडी त्याची स्वतःचीच होती, पैसे रोजच्या रोज सुटत होते. "वहिनी, इथं आठ हजारात पेट्रोलच दीड हजाराचं जातंय," हे त्यानं मला आधीच सांगितलं होतं. आमच्या साध्या हेल्परचा पगार याहून जास्त आहे, हे त्यालाही माहीत होतं. आम्ही वर भर घालत होतो तरी पुरी पडली नाही. मामांनी नंतर नवा पोरगा मागितला नाही.

दुसरा आयटीआयवाला मशीन शॉपमध्ये गेजिंगला, म्हणजे मापं तपासायला, बरा रुळला, नंतर गोकुळ शिरगावात चांगल्या ठिकाणी लागला. त्याला योजनेचं प्रमाणपत्र आणि आमचं पत्र दोन्ही उपयोगी पडलं. बी. ए. झालेला पोलीस भरतीची तयारी करत होता आणि आमच्याकडं फक्त दम खायला येत होता. त्याचं त्याच्यापाशी.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटली नाही. प्रशिक्षणार्थी हा कामगार नाही, म्हणून त्याला किमान वेतन नाही, पीएफ नाही, ईएसआय नाही. ऑफिसात बसणाऱ्याला ठीक. आमच्याकडं १,४०० अंशाचं लोखंड लॅडलमधून ओतलं जातं, फेटलिंगला, म्हणजे ओतलेला भाग घासून साफ करताना, ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात. तिथं ईएसआयचं कार्ड नसलेलं पोरगं उभं करायला माझा हात धजला नाही. आम्ही चौघांची खासगी अपघात पॉलिसी काढली आणि भट्टीच्या आसपास त्यांना फिरकू दिलं नाही. म्हणजे ज्या कामाला माणसं मिळत नाहीत, ओतकाम आणि फेटलिंग, तेच काम या योजनेतून शिकवता आलं नाही.

आता राजकारण. ते बाजूला ठेवून या योजनेचा रिव्ह्यू लिहिताच येणार नाही.

४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला, महायुतीला राज्यात ४८ पैकी १७ जागा. २८ जूनला अतिरिक्त अर्थसंकल्प आला, त्यात लाडकी बहीण आणि ही योजना, दोन्ही. जुलैत आषाढी एकादशीला पंढरपुरात तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी हिचा गाजावाजा केला आणि हिचं नाव 'लाडका भाऊ' पडलं. नोव्हेंबरात विधानसभा. दर वर्षी १० लाख तरुण, तरतूद ५,५०० कोटी. मी पगारपत्रक करणारी बाई, लगेच कॅल्क्युलेटर काढला : दहा लाख गुणिले सहा महिने गुणिले सरासरी नऊ हजार, ५,४०० कोटी. हिशेब जवळपास जुळतो. फक्त तो सहाच महिन्यांचा जुळतो. सातव्या महिन्यात त्या दहा लाखांचं काय, याला रकाना नव्हता. पुढं तीच पोरं कायम करा म्हणून आंदोलनाला बसली. सरकारी कार्यालयांत जी लागली होती त्यांची तर जास्तच पंचाईत. आमच्यासारखा मालक निदान पटलं तर ठेवून घेऊ शकतो.

रोजगार मेळाव्यांचंही तसंच. २ मार्च २०२४ ला बारामतीत नमो महारोजगार मेळावा झाला. मला त्यात किती पोरांना काम मिळालं आणि वर्षानं त्यातली किती टिकली, हे वाचायचं होतं. पण टीव्हीवर दिवसभर काय, तर शरद पवारांनी मुख्यमंत्र्यांना आणि दोन्ही उपमुख्यमंत्र्यांना आपल्या घरी, गोविंदबागेत जेवायला बोलावलं, ते जाणार की नाही. गेले नाहीत. रोजगाराची बातमी जेवणावळीत गेली.

माझा खरा मुद्दा मंदीचा आहे. ही योजना नवीन माणूस आत आणण्यासाठी आहे. मंदीत आमची अडचण उलटी असते : असलेला माणूस बाहेर जाऊ नये.

२०१९ आठवा. गाड्यांचा खप पडला आणि आमच्याकडं आठवड्यातून तीन दिवस भट्टी पेटायला लागली. ऑगस्टात पंचगंगा हायवेवर आली, शिरोलीत ट्रकच्या रांगा, माल ना आत ना बाहेर. सप्टेंबरात केंद्रानं कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. आमची भागीदारी फर्म, आम्हाला त्यातला रुपया नाही. २४ ऑक्टोबरला विधानसभेचा निकाल आणि पुढं महिनाभर मुख्यमंत्री कोण यावरच सगळं. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट, २३ ला पहाटे एक शपथविधी, २८ ला शिवाजी पार्कवर दुसरा. त्या महिन्यात ज्याच्याकडं मागणं न्यायचं तो माणूसच ठरलेला नव्हता. आम्ही आधी कंत्राटी हेल्पर कमी केले, मग दोन कोअरमेकर. त्यातला एक आमच्याकडं माझ्या लग्नाआधीपासून होता. तो गावाकडं दूध संकलनावर बसला. ऑर्डरी परतल्यावर दीर त्याच्या दारात जाऊन आले, आला नाही. "आता सकाळ-संध्याकाळ दोन तास काम, बाकी रान. भट्टीपुढं कोण येतंय?" त्याच्या जागी आलेल्या पोरांनी जे कोअर केले त्याचं रिजेक्शन आम्ही वर्षभर भरलं. मुलीची वही तेव्हा असती तर आकडा सांगितला असता.

कायद्यात ले-ऑफचा, म्हणजे काम नाही म्हणून बसवून ठेवलेल्याला, अर्धा पगार आहे. पण तो मालकाच्या खिशातून, आणि ५० पेक्षा कमी कामगार असतील तर तो लागूच नाही. ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, बेरोजगार झालेल्याला ९० दिवसांपर्यंत भत्ता. २०२० मध्ये तो पगाराच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के केला. चांगली आहे, पण ती नोकरी गेल्यावर मिळते, आणि केंद्राची आहे.

आमचा माल घेणारी एक जर्मन पार्टी आहे. लॉकडाउनमध्ये दिरांनी त्यांना फोनवर विचारलं, किती माणसं काढली? ते म्हणाले, एकही नाही. तिकडं काम निम्म्यावर आलं की तास निम्मे करतात आणि बुडालेल्या पगारातला ६० टक्के, घरात मूल असेल तर ६७ टक्के, सरकारी बेरोजगारी विम्यातून येतो. माणूस त्याच मशीनवर, त्याच पगारपत्रकावर. ऑर्डर आली की दुसऱ्या दिवशी पूर्ण शिफ्ट. आमच्याकडं त्या वेळी परप्रांतीय मोल्डर मिळेल त्या वाहनानं गावी निघाले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं तेव्हा मला पहिली आठवण त्या फोनची झाली. आम्ही थेट अमेरिकेला माल देत नाही, पण ज्यांना देतो ते देतात.

आणि हे महाराष्ट्राला जमणार नाही, असं मला कुणी सांगू नये. माझ्या सासूबाईंचं माहेर सांगोल्याकडं. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, पाझर तलावाच्या बांधावर पाट्या टाकल्या, धाकट्या भावाला सुकडी खायला घातली. "हात फुटले, पण चूल पेटली," एवढंच त्या सांगतात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. मागेल त्याला काम ही कल्पना मांडली ती वि. स. पागेंनी, शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले, तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला, रोजगार हमीचा. काम मागितलं की द्यायचं, नाही दिलं तर भत्ता. कामाचा हक्क कायद्यानं देणारं हे राज्य. केंद्रानं तो २००५ मध्ये घेतला.

पैसे कुठून आणले, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९७५ पासून व्यवसाय कर लावला. नोकरी असलेल्याच्या पगारातून कापायचा, तेवढेच सरकारनं घालायचे, आणि नोकरी नसलेल्याला काम द्यायचं. तोच कर मी आजही कापते. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. बायकांना २५,००० पगारापर्यंत आता माफ आहे. दर फेब्रुवारीत कुणीतरी विचारतं, "वहिनी, या महिन्यात शंभर जास्त का?" मी सांगते, दुष्काळाचे आहेत. हसतात. पण खरंच त्याचेच आहेत. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराचा हप्ता भरला, तर मग उद्या कारखान्याची भट्टी तीन दिवसांवर आली की त्याच कराच्या पैशातून आमच्या कोअरमेकरचा अर्धा पगार का नको? पन्नास वर्षं आम्ही भरतोय की.

कोल्हापुरात असं काही बोललं की लगेच शाहू महाराजांचं नाव घ्यायची पद्धत आहे, पुढारी तर पहिल्या वाक्यात घेतात. मी एवढंच म्हणते की, १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी कामं काढली, स्वस्त धान्याची दुकानं काढली, आणि कामावरच्या बायकांच्या तान्ह्या पोरांना सांभाळायची सोय केली. त्यातली शेवटची गोष्ट आमच्या एमआयडीसीत आज कितीजण करतात, हे आपापलं बघावं. मीही बघतेय.

दुसरा तोटा सांगितला नाही तर रिव्ह्यू अर्धा राहील. फुकटात माणूस मिळतो म्हटल्यावर मंदीत मालकाला मोह होतो. आमच्या लाइनमधल्या एका कारखान्यानं दोन पगारी हेल्पर थांबवून दोन प्रशिक्षणार्थी उभे केले. सरकारच्या आकड्यात दोन रोजगार वाढले, शिरोलीतले दोन कमी झाले होते. ज्यानं गेल्या सहा महिन्यांत माणूस काढला त्याला प्रशिक्षणार्थी द्यायचा नाही, पीएफच्या चलनावर हे एका मिनिटात दिसतं. माझ्यासारख्या बाईला दिसतं तर पोर्टललाही दिसायला हवं.

मग घ्यावी का ही योजना? डिस्पॅच, स्टोअर, क्वालिटी, अकाउंट, ड्रॉइंग, अशा ठिकाणी जरूर घ्या, अकरा महिन्यांत माणूस तयार होतो आणि तुम्हाला तो पारखायला मिळतो. मोल्डिंग, कोअर, फेटलिंगला घेऊ नका. त्यासाठी १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यातला उमेदवार घ्या. विद्यावेतन तुम्हालाच द्यावं लागतं, केंद्र त्यातले महिन्याला १,५०० पर्यंतच भरतं, पण मुदत लांब असते आणि पोरगं शिकायच्या तयारीनं येतं. अपघात पॉलिसी पहिल्या दिवसाच्या आत काढा. येण्याजाण्याचे पैसे वर द्या, नाहीतर तिसऱ्या महिन्यात गाडी पुण्याच्या दिशेनं वळते.

आणि पोरापोरींनो, आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते अर्जाआधी बघा, आईला माझ्याकडं पाठवू नका. पहिल्या महिन्यापासून स्वतःची एक वही ठेवा, काय शिकलो ते लिहा. मुलाखतीत सरकारी प्रमाणपत्रापेक्षा ती वही जास्त बोलते, आमच्याकडं तरी. मुदत संपायच्या दोन महिने आधी मालकाला तोंडावर विचारा, पुढं ठेवणार का आणि किती पगारावर. 'बघू' असं उत्तर आलं, तर त्याच संध्याकाळी दुसरीकडं अर्ज टाका.